किडनीची नस अरुंद आहे, पण बीपी तिच्यामुळेच आहे का?

तुमचा प्रश्न वाचणाऱ्या इतरांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर राहता. आईंचं वय ६४, मधुमेह बारा वर्षांचा, बीपी त्याहून जुनं. वर्षभरापूर्वीपर्यंत दोन गोळ्यांवर बरं चाललं होतं. आता चार गोळ्या चालू असूनही १७०/९५ च्या खाली उतरत नाही. टेल्मिसार्टन ४० ही बीपीची गोळी सुरू केल्यावर तीन आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं गाळणं मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) १.१ वरून १.७ वर गेलं. सोनोग्राफीत उजवी किडनी ८.६ सेंटिमीटर, डावी १०.४. डॉपलरमध्ये, म्हणजे नसेतल्या रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, उजव्या किडनीच्या धमनीत ‘साधारण ७० टक्के’ अडथळा. एका हृदयरोगतज्ज्ञांनी स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) सांगितला, दुसऱ्यांनी गोळ्यांवरच ठेवा म्हटलं. कोणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

माझ्या मते स्टेंटचा प्रश्न आज नाहीच. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: ही अरुंद नस आईंचं बीपी वाढवते आहे, की ती नुसतीच सापडली आहे? आणि गोळ्यांचा खरोखर पूर्ण उपयोग करून झाला आहे का? साठी ओलांडलेल्या, मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्या माणसाच्या पोटातल्या धमन्यांत चरबीचे थर सापडणं यात नवल काही नाही. बीपीनेच वर्षानुवर्षांत नस खराब झालेली असू शकते. तसं असेल तर नस उघडून बीपी हलणार नाही.

यामागचं यंत्र समजलं की पुढचं सगळं सोपं होईल. किडनीला अख्ख्या शरीराचं बीपी कळत नाही, स्वतःच्या दारात येणारा दाब तेवढा कळतो. तुमच्या इमारतीत एका फ्लॅटचा व्हॉल्व्ह गंजून अर्धा बंद झालाय असं समजा. त्यांच्या नळाला धार बारीक. ते सेक्रेटरीला फोन करतात, ‘पाण्याला प्रेशरच नाही.’ सेक्रेटरी व्हॉल्व्ह बघत नाही, पंपाचं प्रेशर वाढवतो. त्या घरात कशीबशी धार येते आणि बाकीच्या घरांत नळाचे वॉशर उडायला लागतात. किडनीचा तो फोन म्हणजे ती रक्तात सोडते ते रेनिन. रेनिनमुळे शरीरात अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन या हार्मोनमार्फत मीठ-पाणी धरून ठेवतं. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीवर चिमटा लावून बीपी वाढतं हे दाखवलं, तेव्हापासून हे माहीत आहे. पण वाढलेल्या प्रेशरवर पंप दहा वर्षं चालला तर बाकीच्या घरांची पाइपलाइनही बिघडते. मग त्या एका फ्लॅटचा व्हॉल्व्ह बदलून इमारत पूर्ववत होत नाही. माणसाचंही तेच.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ, कारण त्यातलं एक गणित मला जुळत नाही.

किडनीतल्या प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक नळी असते आणि बाहेर नेणारी एक. आत येणारा दाब कमी पडला की अँजिओटेन्सिन बाहेरची नळी आवळून गाळणीतला दाब टिकवतं. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी ही आवळलेली नळी सैल करते. गाळणं मंदावतं, क्रिएटिनिन चढतं. ‘गोळीने किडनी खराब केली’ असा याचा अर्थ नसतो, बहुतेकदा गोळी थांबवली की आकडा परत येतो. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो. आईंच्या बाबतीत ती हद्द १.४३ ला संपते. १.७ म्हणजे ५५ टक्के वाढ. ईजीएफआरच्या, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते त्या अंदाजाच्या, भाषेत साधारण ५६ वरून ३३ च्या आसपास.

एकाच बाजूची नस अरुंद असेल आणि दुसरी किडनी धडधाकट असेल, तर असं सहसा होत नाही. दुसरी किडनी भार उचलते आणि क्रिएटिनिन फारसं हलत नाही. म्हणजे चारपैकी काहीतरी आहे. डावी नसही अरुंद आहे. किंवा नस ठीक आहे पण डावी किडनी मधुमेहाने आधीच थकलेली आहे. किंवा अंगात पाणी कमी पडलं होतं, जुलाब-उलट्या, नाहीतर लघवी वाढवणारी गोळी जोरात. किंवा दुखण्यावरची गोळी. आणि तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की गुडघ्यांसाठी आई ‘अधूनमधून’ डायक्लोफिनॅक घेतात. ती ओळ पहिली असायला हवी होती. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि डायक्लोफिनॅक हे त्रिकूट निरोगी नसांच्या माणसाचंही क्रिएटिनिन चढवतं, शिवाय ही वेदनाशामकं बीपीही वाढवतात आणि बीपीच्या गोळ्यांचा जोर कमी करतात. ती बंद. गुडघ्यांना पॅरासिटामॉल, शेक, आणि लावायचं मलम.

डॉपलरच्या रिपोर्टमध्ये आणखी एक वाक्य आहे, जे तुम्ही प्रश्नात लिहिलं नाही पण फोटोत दिसतंय: डावी धमनी आतड्यातल्या गॅसमुळे नीट दिसली नाही. म्हणजे डावीत अडथळा नाही असं कोणीच म्हटलेलं नाही. ती बघितलीच गेलेली नाही.

किडनीच्या धमनीचा डॉपलर करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असतो. सहा ते आठ तास उपाशीपोटी, सकाळची पहिली वेळ, आणि ज्यांना या तपासणीची सवय आहे असे रेडिओलॉजिस्ट. दोन्ही बाजू नीट बघायला अर्धा-पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत उरकलेल्या डॉपलरवर मी निर्णय घेत नाही. रिपोर्टमध्ये नुसता टक्का नको, आकडे हवेत. धमनीतला रक्ताचा सर्वाधिक वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर आहे का (काही ठिकाणी १८० धरतात), महाधमनीतल्या वेगाच्या साडेतीन पटींपेक्षा जास्त आहे का, किडनीच्या आतल्या बारीक धमन्यांत लहर सावकाश चढते आहे का, आणि रेझिस्टिव्ह इंडेक्स म्हणजे आरआय किती. तुमच्या रिपोर्टमध्ये उजवीकडचा वेग २९० आणि आरआय ०.७४ आहे. उजवीकडचा अडथळा खरा असावा असंच हे आकडे सांगतात. आरआय ०.८ च्या खाली आहे ही त्यातली बरी गोष्ट. तो वर गेला की किडनीचा आतला भागच कडक झालेला असतो आणि नस उघडून फायदा होण्याची शक्यता घटते. दोन्ही किडन्यांत १.८ सेंटिमीटरचा फरक हाही पुरावाच, दीडच्या वर गेला की आम्ही कान टवकारतो.

चार गोळ्यांचं म्हणाल तर त्या कोणत्या आणि किती, हे बघा: टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५, मेटोप्रोलॉल ५०, हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५. संख्या चार, पण पूर्ण डोसची एकही नाही. औषधांना दाद न देणारं बीपी असं आम्ही तेव्हा म्हणतो, जेव्हा तीन वेगवेगळ्या गटांतल्या गोळ्या, त्यात एक लघवीची, झेपेल तेवढ्या पूर्ण डोसमध्ये नियमित घेऊनही बीपी हटत नाही. ॲम्लोडिपिन १० पर्यंत नेता येतं, मात्र पायांवर सूज येते का बघावं लागतं. हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ हा फार हलका डोस आहे, शिवाय किडनीचं काम कमी झालं की ती गोळी आणखी मंद पडते. त्याजागी क्लोरथॅलिडोन १२.५ जास्त वेळ टिकते आणि ईजीएफआर तिशीच्या घरात असतानाही काम करते. सोडियम-पोटॅशियम मात्र तपासत राहायला हवं. मेटोप्रोलॉल अचानक बंद करू नका, बीपी आणि नाडी दोन्ही उसळतात.

आणि १७०/९५ हा आकडा कुठे घेतलेला? ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला यायचं, स्टेशनचा जिना चढायचा, रिक्षासाठी भांडायचं आणि ओपीडीत बसल्या बसल्या दंडाला पट्टा, यात कोणाचंही २०-२५ ने जास्तच येईल. घरी सात दिवस मोजा. मनगटाचं मशीन नको, दंडाचं हवं, आणि पट्टा दंडाच्या मापाचा; जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटं जास्त दिसतं. आधी लघवीला जाऊन यायचं. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प. टीव्ही बंद, आणि तुम्हीही काही विचारायचं नाही. सकाळी गोळीआधी दोन वेळा, संध्याकाळी जेवणाआधी दोन वेळा, मध्ये एक मिनिट. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी खरंच वाढलेलं आहे. पहिल्या दिवशी एकदा दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे वापरा.

क्रम असा ठेवा. टेल्मिसार्टनबद्दल तुमच्या फिजिशियनना आजच फोन करा. क्रिएटिनिन एवढं चढलेलं असताना ती थांबवून ॲम्लोडिपिन वाढवावी, असंच बहुतेक जण सांगतील. पोटॅशियम तपासलं नसेल तर उद्या तपासा. ५.५ च्या वर असेल तर थांबायला वेळ नाही, त्याच दिवशी दाखवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ईजीएफआर ३३ ला तिचा डोस कमी करावा लागतो, तेही विचारा. डायक्लोफिनॅक बंद करून एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा. सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी; प्रथिनं खूप जात असतील तर डावी किडनी मधुमेहाने थकलीय, हा मुद्दा वर येतो. पोटॅशियम उलट कमी निघालं, ३.५ च्या खाली, तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिनचं गुणोत्तर करून घ्या. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन जास्त सुटल्याने वाढणारं बीपी हे किडनीच्या नसेपेक्षा जास्त आढळतं आणि कमी शोधलं जातं. आई घोरतात का, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण झोपेत श्वास अडल्यानेही बीपी वाढतं.

क्रिएटिनिन खाली आलं की मग सीटी अँजिओग्राफी. तीत दोन्ही धमन्या, महाधमनी, ॲड्रिनल ग्रंथी आणि किडनीला जाणारी एखादी जास्तीची धमनी असं सगळं एकत्र दिसतं. अशी जादा धमनी बऱ्याच लोकांना असते आणि डॉपलरमध्ये बऱ्याचदा सुटते. धमन्या उठून दिसाव्यात म्हणून यात शिरेतून डाय देतात, आणि ‘डाय दिला की डायलिसिस लागतं’ ही भीती मी रोज ऐकतो. ईजीएफआर ३० च्या वर असेल, अंगात पाणी पुरेसं असेल आणि वेदनाशामकं बंद असतील तर धोका कमी आहे. एमआर अँजिओग्राफी हा दुसरा मार्ग, पण ती अरुंदपणा आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. कोणत्या किडनीचं काम किती टक्के चालू आहे हे डीटीपीए स्कॅनमध्ये कळतं, आणि उजवी किडनी वाचवण्यासारखी आहे का, या प्रश्नाला त्याचा उपयोग होतो.

आता स्टेंट. यावर मोठे अभ्यास झालेले आहेत. २००९ चा ॲस्ट्रल, ८०६ रुग्ण. २०१४ चा कोरल, ९४७ रुग्ण. दोन्हींत नुसती औषधं विरुद्ध औषधं आणि स्टेंट अशी तुलना होती. हृदयविकार, पक्षाघात, किडनी निकामी होणं, मृत्यू, यांत स्टेंटने फरक पडला नाही. कोरलमध्ये वरच्या बीपीत फरक पडला तो सुमारे २ अंकांचा. तुमचे दुसरे डॉक्टर ‘गोळ्यांवरच ठेवा’ म्हणतात ते हवेत नाही. पण पहिल्या डॉक्टरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे: ॲस्ट्रलमध्ये असेच रुग्ण घेतले, ज्यांच्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना स्वतःलाच खात्री नव्हती. ज्यांना स्टेंट हवाच असं उघड दिसत होतं ते त्या अभ्यासात आलेच नाहीत.

ते कोण? छातीत अचानक पाणी भरून मध्यरात्री धाप लागणारे आणि हृदयाचा पंप तपासला तर चांगला निघणारे. दोन्ही नसा, किंवा एकुलत्या चालू किडनीची नस, खूप अरुंद असून महिन्यामहिन्याला क्रिएटिनिन चढत जाणारे. आणि पूर्ण डोसच्या तीन-चार गोळ्या नियमित घेऊनही ज्यांचं घरचं बीपी खरोखर उतरत नाही असे. यांच्यात मी स्वतः स्टेंटचा आग्रह धरतो. किडनी आठ सेंटिमीटरच्या खाली आक्रसली असेल तर मात्र बहुधा उशीर झालेला असतो. आईंची उजवी ८.६ आहे, म्हणजे निवांत वर्षभर थांबा असं मी सांगणार नाही. तपासण्यांचा हा क्रम चार ते सहा आठवड्यांत संपायला हवा.

स्टेंट ठरलाच, तर सहीआधी एक प्रश्न विचारा: ‘अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजणार का?’ अँजिओग्राफीत डोळ्यांना ७० टक्के दिसलेला अडथळा दाबाच्या तारेने मोजला तर कधी कधी काहीच अडवत नसतो. वरच्या दाबात २० किंवा सरासरी दाबात १० अंकांचा फरक असेल तरच तो अडथळा अर्थपूर्ण. ५० ते ७० टक्क्यांच्या पट्ट्यात तर हे मोजल्याशिवाय स्टेंट टाकूच नये. प्रक्रिया मांडीतून किंवा मनगटातून होते, साधारण ५ ते ७ मिलिमीटर व्यासाचा, फुग्यावर चढवलेला स्टेंट धमनीच्या तोंडाशी बसवतात. या वयात अडथळा बहुतेकदा तोंडाशीच असतो, कारण तो महाधमनीच्या भिंतीतल्या थराचाच भाग असतो. काय बिघडतं? धमनीचा आतला पापुद्रा सुटू शकतो, टोचलेल्या जागी रक्त साकळतं, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे महाधमनीतल्या थराचे बारीक कण सुटून किडनीत आणि पायांत जातात. पायाची बोटं निळी पडतात आणि क्रिएटिनिन पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू चढतं. हे डायमुळे झालं म्हणून सोडून देऊ नये. स्टेंटनंतर काही तासांत बीपी झपकन उतरू शकतं, म्हणून त्या संध्याकाळी सवयीने सगळ्या गोळ्या द्यायच्या नाहीत, मोजून ठरवायचं. पुढे ॲस्पिरिन कायम, रक्ताची गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल किमान महिनाभर, आणि सहा महिन्यांनी डॉपलर, कारण स्टेंट आतून पुन्हा अरुंद होऊ शकतो. खर्चाबाबत: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही प्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

स्टेंट होवो न होवो, औषधं आयुष्यभराचीच. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, साखरेवर ताबा, आणि मिसरी लावत असतील तर ती बंद. बायका ‘तंबाखू नाही हो, फक्त मिसरी’ म्हणतात, म्हणून वेगळं विचारावं लागतं. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. मीठ दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा. त्यात लोणचं, पापड, सुकट, खारवलेले बोंबील सगळं आलं. मात्र ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि आईंच्या क्रिएटिनिनला ते धोक्याचं आहे. रोजचं शहाळंही सध्या नको.

टेल्मिसार्टनला कायमची काट मारू नका. धमनी अरुंद असलेल्या बहुतेकांना हा गट चालतो आणि हृदयासाठी त्याचा फायदाही आहे. सीटीनंतर चित्र स्पष्ट झालं की २० पासून पुन्हा सुरू करता येईल, दर वाढीनंतर एक ते दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून. पावसाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दिवसांपुरती ही गोळी आणि लघवीची गोळी थांबवायची, हे आत्ताच डॉक्टरांशी बोलून कागदावर लिहून घ्या.

तुमची मावसबहीण २६ वर्षांची आहे आणि तिलाही बीपी निघालंय असं तुम्ही शेवटी विचारलंय. तिला यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. त्या वयात चरबीचे थर सहसा नसतात. आपल्याकडे तरुण मुलींत टाकायासूचा धमनीदाह (महाधमनी आणि तिच्या फांद्यांना येणारी सूज) आधी मनात आणावा लागतो, त्यानंतर फायब्रोमस्क्युलर डिसप्लेझिया, म्हणजे चरबी किंवा दाह नसताना धमनीची भिंतच वेडीवाकडी वाढणं. टाकायासूत हाताला रक्त नेणारी धमनीही अरुंद होऊ शकते आणि त्या हातावर बीपी फसवं नॉर्मल दिसतं. म्हणून चारही हातपायांवर बीपी, मनगटाची नाडी दोन्हीकडे सारखी लागते का, दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या, आणि महाधमनीचं सीटी किंवा एमआर. दाह चालू असताना फुगा मारून नस रुंद केली तर नस पुन्हा अरुंद व्हायला वेळ लागत नाही. आधी स्टिरॉइड वगैरेंनी दाह शमवायचा. फायब्रोमस्क्युलरमध्ये नुसता फुगा पुरतो, स्टेंट सहसा लागत नाही, आणि बीपी पूर्ण बरंही होऊ शकतं. लग्न-मूल डोळ्यांसमोर असेल तर टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल हे गट गरोदरपणात चालत नाहीत, तेही तिला सांगा.

आईंच्या बाबतीत आणखी एवढंच. रात्री झोपेतून उठून बसावं लागेल अशी धाप, फेसाळ खोकला, लघवी एकदम कमी होणं, किंवा १८०/१२० च्या वर बीपी आणि सोबत दिसायला अंधुक, बोलण्यात अडखळणं किंवा छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर जवळच्या कॅज्युअल्टीत जा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ‘आपल्या’ हॉस्पिटलसाठी तास घालवू नका. आणि धाप लागून छातीत पाणी निघालं तर डॉपलरचा हा रिपोर्ट तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवा, कारण मग वरचा थांबण्याचा सल्ला लागू राहत नाही, स्टेंटची घाई करावी लागते.